कडू कवठाचं तेल आणि उंदराचा तळपाय

कोकणात कडू कवठाची झाडं आहेत, चेंडूएवढं टणक तपकिरी फळ, आत गरात दाटीने बसलेल्या बिया आणि त्या बियांचं तेल. हे तेल हल्ली ऑनलाइन 'सगळ्या त्वचारोगांवर रामबाण' म्हणून विकतायत, काही जण तर कुष्ठरोग बरा होतो असं बिनधास्त लिहितात. टेस्ट कुठे झाली विचारलं की उत्तर ठरलेलं, हजारो वर्षांचा अनुभव आहे, उंदरांवर प्रयोग कशाला हवेत?

मला या उत्तराचा खरंच राग येतो.

अनुभव जुना आहे यात वाद नाही. सुश्रुतसंहितेत तुवरक आहे, म्हणजे हेच कडू कवठ. याच जातकुळीतलं चॉलमुग्राचं तेल इंग्रज डॉक्टरांनी कुष्ठरोगावर उचललं, १९१५ च्या सुमारास हवाईत अ‍ॅलिस बॉल या तेविशीतल्या मुलीने त्याचं नीट टोचता येईल असं इंजेक्शन बनवलं (ती लगेच वारली आणि श्रेय कॉलेजच्या अध्यक्षाने लाटलं, हे कुणीतरी आपल्याकडेही लिहायला हवं). त्याआधी तेल प्यायला दिलं की उलट्या, आणि तसंच टोचलं की ते कातडीखाली जिरायचंच नाही, नुसत्या गाठी नि गळवं. हे सगळं सोसलं कुणी? पेशंटनी. कारण नॉर्वेच्या हॅन्सेन या डॉक्टरने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला खरा पण तो ना लॅबमधल्या बशीत वाढत होता ना कुठल्या प्राण्यात, त्यात हा आजार वर्षानुवर्षं आपोआप कमी-जास्त होणारा, मग गुण तेलाने आला की असाच, सांगणार कोण? बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचे उपचार शिकायला गेले तेव्हाही हीच अडचण होती, बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं आणि जंतू टोचून घेतले. प्राणी नसला की माणूस लागतो, तो असा.

१९६० मध्ये शेपर्ड या अमेरिकन संशोधकाने उंदराच्या मागच्या तळपायात हे जंतू वाढवून दाखवले. तळपायातच, कारण तिथे अंग जरा थंड असतं आणि या जंतूला गारवा लागतो. एकाचे दोन व्हायला जवळपास दोन आठवडे, म्हणजे एका प्रयोगाला कित्येक महिने थांबायचं. १९७१ मध्ये आर्माडिलो या कवचवाल्या प्राण्यातही लागण करता आली. आणि चॉलमुग्राच्या तेलातली आम्लं उंदरांत तपासली कधी, तर १९७५ मध्ये! जंतूंची वाढ रोखली गेली. म्हणजे जुने लोक अगदीच चुकले नव्हते, पण तोवर डॅप्सोन हे कुष्ठरोगावरचं औषध येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. आणि वाढ रोखली म्हणजे पेशंट बरा झाला असं होत नाही, बाटलीवर 'सिद्ध' छापणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्यावं.

प्राण्यांचे हाल मलाही बघवत नाहीत. कॉस्मेटिक्ससाठी सशांच्या डोळ्यांत थेंब टाकणं आपल्याकडे २०१४ मध्ये बंद झालं ते उत्तमच झालं. पण औषध म्हणून विकायचं असेल तर किती डोस, लिव्हरवर काय होतं, किती दिवस द्यायचं हे आधी कुठेतरी बघावंच लागतं, नाहीतर ते गिऱ्हाइकावर बघितलं जातं आणि त्याची नोंदसुद्धा कुणी ठेवत नाही.

आज एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावर एकत्र द्यायच्या दोन-तीन औषधांच्या, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स. बधिर चट्ट्यावर कुणी तेल चोळत बसला तर तेवढ्या वेळात आतली नस मरत असते, आणि एकदा वाकलेली बोटं नुसत्या गोळ्यांनी सरळ होत नाहीत.