जैतापूर की काक्रापार?

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो अणुऊर्जेवरून. वीज मंडळातून निवृत्त झालेले काका म्हणाले, "चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोमाने फिरतात, एरवी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही, कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीवर बांधून टाकले आहे. मग रात्रंदिवस मिळणारी वीज आणायची कुठून? कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राचा पहिला संच २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालला होता."

कोयनेच्या धरणात ज्याच्या आजोबांचे गाव गेले, तो मित्र यावर उसळला. "काका, गाव आमचे उठले आणि दिवे मुंबईत लागले. १९६७ च्या डिसेंबरातला भूकंपही आमच्याच वाट्याला आला. मग कोकणातल्या माडबनच्या लोकांनी जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध केला, तर त्यांना विकासाचे वैरी कसे म्हणायचे?" त्याचे म्हणणे रास्तच होते.

मला मात्र वाटते की अणुवीज हवी की नको, याहून ती कोणाच्या बळावर उभी करायची, हा प्रश्न मोठा आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अमेरिकी अणुभट्ट्यांना समृद्ध (विखंडनक्षम अंश वाढवलेले) युरेनियम बाहेरून आणावे लागे, आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या पुरवठ्यात अडचणी आल्या. कॅनडानेही राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांचे काम अर्ध्यावर सोडले. तेथील दुसरा संच आपल्याच अभियंत्यांनी पूर्ण केला. रावतभाट्यासारख्या जड पाण्याच्या भट्टीला समृद्ध न केलेले, नैसर्गिक युरेनियम चालते, म्हणूनच साधनांची चणचण असलेल्या देशाला ती विद्या आत्मसात करता आली आणि २२० मेगावॉटपासून गुजरातेतल्या काक्रापारच्या ७०० मेगावॉटपर्यंत मजल मारता आली. याउलट जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या बसवायचे ठरले आहे. त्याच जातीच्या फ्लामाँव्हिलच्या भट्टीचे काम खुद्द फ्रान्समध्ये २००७ ला सुरू झाले आणि तिची वीज वीजवाहिन्यांच्या जाळ्यात आली ती २०२४ च्या डिसेंबरात.

"पण काक्रापारलाही परदेशी युरेनियम लागतेच ना?" शिक्षक मित्राने नेमके दुखणे हेरले. लागते, हे खरे; तरी इंधन चार देशांकडून घेऊन साठवता येते, संपूर्ण भट्टी एकाच विक्रेत्याच्या हाती दिली की दुरुस्तीपासून सुट्या भागांपर्यंत त्याच्याच तोंडाकडे पाहावे लागते.

कोयनेचा मित्र तेवढ्याने वळला नाही. भट्टी देशी असो वा विदेशी, पुनर्वसन पूर्ण झाल्याशिवाय पहिली कुदळ पडता कामा नये, ही त्याची अट होती. काकांनी ती तत्काळ मान्य केली. पुढे तासभर आम्ही भांडलो ते ती पाळली गेली की नाही, हे तपासायचे कोणी, यावर.