अनाथोथचं शेत आणि आमची फरशी

परवा आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तसलाच एक व्हिडिओ आला. मागं आगीचे लोळ, रणगाडे, कोसळणाऱ्या इमारती आणि खाली पिवळ्या अक्षरांत 'शेवटचा काळ सुरू झाला आहे, तुम्ही तयार आहात का?' पाच मिनिटांत अकरा जणांनी जोडलेले हात पाठवले. एकानं 'आमेन, प्रभू लवकर ये' असं लिहिलं आणि त्याच्याच खाली विचारलं, रविवारच्या प्रीतिभोजनाला मटण किती किलो सांगायचं?

मी एकटाच मोठ्यानं हसलो. पण नंतर वाटलं, त्याचा दुसरा मेसेज पहिल्यापेक्षा जास्त विश्वासाचा आहे.

गेली काही वर्षं हे बघतोय. युक्रेन झालं, गाझा झालं, कुठं भूकंप झाला, की आमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर तेज येतं. तिकडं लेकरं ढिगाऱ्याखाली आणि इकडं आम्ही बायबलातला मत्तयाचा २४वा अध्याय उघडून खुणा करत बसलोय, हे झालं, हे झालं, आता एवढंच राहिलं. त्याच अध्यायात प्रभू सांगतो की लढायांच्या बातम्या ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. पुढं ३६व्या वचनात तर तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही नाही, असं म्हटलंय. जे पुत्राला ठाऊक नाही ते आमच्या यूट्यूबवरच्या प्रचारकाला ठाऊक असतं, आणि ते ऐकायला आधी सबस्क्राईब करावं लागतं!

दुसरी एक जात आहे, 'सगळं देवाच्या हातात आहे' म्हणून पाय पसरणारी. तिच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण बरेचदा मीच त्या जातीचा असतो.

माझी आई या दोन्हींतली नाही. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आयुष्य बाळंतपणाच्या वॉर्डात गेलं. एकदा घरच्या प्रार्थनेला आलेले एक भाऊ रोमकरांस पत्राचा ८वा अध्याय काढून, सगळी सृष्टी कशी कण्हते आहे, वेदना सोसते आहे, हे फार रंगवून सांगत होते. त्यांचा सूर असा, की आता संपलंच. आई मध्येच म्हणाली, "अहो, त्या कळा बाळंतपणाच्या हायत. कळा सुरू झाल्या म्हणून बाईला टाकून कोण पळतं का? पाणी तापवायला ठेवायचं." भाऊ गप्प झाले. मत्तय २४ मध्येही वेदनांचा प्रारंभ म्हटलंय, शेवट नव्हे. मी पन्नाशीला आलो, चर्चमध्ये शेकडो उपदेश ऐकले, पण या विषयावर यापेक्षा बरं काही ऐकलेलं नाही.

आमचं घर शाहूपुरीच्या खालच्या अंगाला. जयंती नाल्याला पंचगंगेची फूग आली की पहिलं आमच्याकडं कळतं. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं 'कसं काय, बरं हाय का?' विचारत नाहीत, 'किती फुटावर हाय?' विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं एवढ्या पाण्यात प्यायला पाणी नाही. खालच्या खोल्यांत आमच्या छातीएवढं पाणी होतं.

पाणी ओसरल्यावर जो वास असतो तो त्यातून गेलेल्यांनाच माहीत. कपाटं फुगलेली, गाद्या चिखलाच्या, वडिलांचं पवित्र शास्त्र भिजून विटेसारखं झालेलं. फरशी उखडली होती. मी म्हणालो, आता कोबा करून सोडू, परत पाणी येणारच आहे. आई म्हणाली, फरशीच घालायची. मी जरा चिडलो. पैसे माझे जाणार होते, लपवत नाही.

तेव्हा तिनं मला बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय वाचायला लावला. मला यिर्मया म्हणजे २९:११ एवढाच माहीत होता, तो कॅलेंडरवर असतो ना, मावळत्या सूर्याच्या चित्रावर. ३२व्या अध्यायात यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, आणि शहर पडणार असं सांगितलं म्हणून यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. वेढ्यात सापडलेल्या मुलखातली जमीन कोण घेईल हो? आपल्याकडं पूररेषेतला प्लॉट म्हटलं की एजंट फोन उचलत नाही. यिर्मया घेतो. १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, दस्त करतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढं आहे. व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थनेत देवाला विचारतो की शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या हाती चाललंय आणि तू मला म्हणतोस शेत घे? म्हणजे त्यालाही कळलेलं नव्हतं. आधी सही केली, शंका नंतर काढली. आम्ही उलटं करतो. शंका मिटेपर्यंत सही नाही, आणि शंका मिटत नाहीत म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड.

फरशी घातली.

जुलै २०२१ ला पाणी ५६ फुटांवर गेलं. फरशी पुन्हा गेली. देवानं आमचं घर वाचवलं अशी साक्ष द्यायला मला फार आवडलं असतं, पण तसं झालं नाही. त्या वेळी शेजारचे मूर्तिकार मामा धावत आले. गणपती तोंडावर आलेले, कच्च्या मूर्ती खाली, माती विरघळायला लागलेली. "अक्का, तुमच्या माडीवर जागा हाय का?" आई म्हणाली, आणा. अर्ध्या रात्रीत आमच्या माडीवर साठेक गणपती बसले, आणि भिंतीवर क्रूस. मंडळीतल्या एकाला हे रुचलं नाही, त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलंही. मी त्याला यिर्मया २९:७ दाखवला, ज्या नगरात तुम्ही आहात त्याचं हित पाहा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. पटलं नसावं. त्याच्याशी अजून सलाम होतो, पण तुटक.

थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्यानं दानीएलाच्या पुस्तकातून हिशेब मांडला, आणि २२ ऑक्टोबर १८४४ ही प्रभू येण्याची तारीख त्याच्या चळवळीनं धरली. काहींनी पिकं शेतातच सोडली. सकाळ झाली, काही घडलं नाही. त्याच अमेरिकेतले मिशनरी रॉयल वाइल्डर आठच वर्षांनी, १८५२ ला, कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथं शाळा काढल्या. प्रभू येणार यावर दोघांचाही विश्वास होता. पंडिता रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली, पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली त्याच जमिनीवर आल्या. शेवटच्या काळाची लक्षणं बाईंच्या समोर कमी नव्हती, दुष्काळ होता, प्लेग होता. त्या विहिरी खणत होत्या.

आणि प्रकटीकरण, बायबलातलं शेवटचं पुस्तक, उघडायचंच असेल तर २१वा अध्यायही वाचा. तिथं माणसं पृथ्वी टाकून वर पळत नाहीत, नवं नगर खाली येतं. हे जग कचऱ्यात जाणार म्हणून याची काळजी कशाला, असं म्हणणाऱ्यांनी या दिशेचा तरी विचार करावा. कॉमेंटमध्ये वाद घाला, पण वचनासकट.

यंदाही पाऊस लागून राहिलाय. गहू, कागदपत्रं, वडिलांचं ते विटेसारखं शास्त्र, सगळं माडीवर नेलंय. आई खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती.

"किती फुटावर हाय?"

"एकेचाळीस."

"मग अजून दोन फूट हाय. चहा टाक," ती म्हणाली. "आणि त्या फरशीवाल्याला फोन करून ठेव. कोपऱ्यातल्या दोन हलाय लागल्यात."