बोट चुकू नये म्हणून

बंगळूरच्या लेकीनं आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला क्रूझची तिकिटं पाठवली. रविवारी संध्याकाळी पाचला मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात काढायच्या आणि मंगळवारी सकाळी परत मुंबईलाच उतरायचं. "बाबा, राहणं, खाणंपिणं सगळं त्यात आलं. तुम्ही फक्त बोटीपर्यंत पोहोचा."

त्या 'फक्त'नं पुढचे दोन महिने आमच्या घरात धुमाकूळ घातला.

मुळात आम्ही इंदूरचे. प्यायचं पाणीसुद्धा आम्ही सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदेतून पंपानं वर चढवून आणतो. पाण्यानं आमच्याकडे यायचं, ही इथली रीत. आम्ही पाण्याकडे जायचं म्हटल्यावर पंचाईत होणारच. तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, रिपोर्टिंग दुपारी बारा ते साडेतीन. साडेतीननंतर येणाऱ्याला घेतलं जाणार नाही आणि पैसेही परत मिळणार नाहीत. लग्नाला उशिरा गेलं तर निदान जेवण तरी मिळतं. बोटीचं तसं नाही. जहाजाला वाट दाखवणारा बंदरातला पायलट ठरलेल्या वेळी चढतो, छोट्या टगबोटी येऊन बोटीला बाहेर ओढतात, मागची जागा दुसऱ्या जहाजाला दिलेली असते. रामबागेतल्या एका जोडप्यासाठी एवढा पसारा खोळंबत नाही.

मी हिशेब मांडला. इंदूर-मुंबई विमान तास-सव्वा तासाचं. रविवारी सकाळचं घेतलं तर अकरापर्यंत मुंबई, एकला बोट. "झालं तर मग," मी म्हणालो.

"अहो, आणि विमान रद्द झालं तर?" बायको म्हणाली.

एवढ्यावर ती थांबली असती तर मी विषय संपवला असता. पण तिनं भावाला फोन लावला. माझा मेव्हणा कामासाठी महिन्यातून चारदा विमानात बसतो आणि उरलेले दिवस त्याबद्दल बोलतो. त्यानं जे सांगितलं ते दुर्दैवानं खरं होतं. जानेवारीत इंदूरला लख्ख ऊन असेल, मुंबईलाही असेल, पण आपल्याला न्यायला येणारं विमान पहाटे दिल्लीत धुक्यात अडकलेलं असू शकतं. ते तिथून हलल्याशिवाय आपण इथून हलत नाही. बरं, मुंबईवर पोहोचलं म्हणजे उतरलंच असंही नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते, आणि बाकीची विमानं वर घिरट्या घालत बसतात. "आणि दाजी, विमानाचं तिकीट वेगळं, बोटीचं वेगळं. विमानवाल्यानं तुम्हाला पाच तास उशिरा मुंबईला टाकलं तरी त्याचं काम झालं. बोट गेली, तर ती तुमची गेली." शेवटी त्यानं विचारलं, "तिकीट कुठल्या मुंबईचं बघताय? आता नवी मुंबईलाही विमानतळ झालाय."

त्या रात्री मी तिकिटाच्या पानावर विमानतळाचं नाव अकरा वेळा वाचलं.

दुसरा पक्ष रेल्वेचा. शेजारचे काका रतलाम मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते विमान ही चैनीची वस्तू आणि अवंतिका एक्स्प्रेस हा धर्म. संध्याकाळी इंदूरला बसा, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरा. "आणि ती उशिरा पोहोचली तर?" असं विचारायची चूक मी केली. काका खुर्चीतून पुढे सरकले. "अहो, 1928 साली फ्रंटियर मेल सुरू झाली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. बोटींच्या हंगामात गाडी थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापर्यंत जायची. साहेब विलायतेच्या बोटीतून उतरला की समोर गाडी उभी. आणि ती कुठून जायची? आपल्या रतलामवरून!" म्हणजे तेव्हा रतलामला डब्यात बसलेला माणूस थेट बोटीच्या दारात उतरू शकला असता. आणि जवळजवळ शंभर वर्षांनी मी त्याच धक्क्यावर वेळेत कसा पोहोचू, या चिंतेनं रात्री दोनला जागा होतो. याला प्रगती म्हणतात, हे मी काकांना बोललो नाही. ते आणखी अर्धा तास बसले असते.

अखेर ठरलं की विमानानंच, पण आदल्या दिवशी, शनिवारी. बायको म्हणाली, शनिवारचं रद्द झालं तर? म्हणून शुक्रवारी. मी म्हणालो, शुक्रवारचं रद्द झालं तर? त्यावर तिनं असं काही पाहिलं, की मी शुक्रवारची तिकिटं काढून मोकळा झालो.

आता लवकर पोहोचण्यात जी खरी मेख असते ती कुठल्याच तिकिटावर छापलेली नसते. दोन दिवस आधी मुंबईत पोहोचायचं, तर राहायचं कुठे? मी फोर्टमध्ये बोटीजवळच एक हॉटेल शोधलं होतं, नाश्त्यासकट.

"मुंबईत दोन दिवस राहायचं आणि आत्याकडे जायचं नाही?"

आत्या म्हणजे बायकोची आत्या. वय ब्याऐंशी, मुक्काम डोंबिवली. बोट जिथून सुटते तिथून पन्नासेक किलोमीटर. म्हणजे बोट चुकू नये म्हणून आम्ही इंदूरहून दोन दिवस आधी निघणार आणि मुंबईत पोहोचल्यावर बोटीपासून शक्य तितकं लांब जाऊन राहणार. हे मी बोलून दाखवलं. काही उपयोग झाला नाही.

तोवर बातमी फुटली होती. सराफ्याजवळ एक ओळखीचा भेटला, "क्या भिया, जहाज में जा रहे हो?" आणि लगेच, "मुंबई जा ही रहे हो तो..." आमच्याकडे 'मुंबईला चाललाच आहात तर' हे वाक्य पूर्ण करावं लागत नाही. सोबत पिशवी येते. अंधेरीच्या भाच्यासाठी दोन किलो शेव. पार्ल्याच्या एका सुनेसाठी जीरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, कारण तिथल्या पोह्यांना चव नसते. आणि ठाण्यातल्या कुणासाठी तरी साडेतीन किलो गराडू, म्हणजे तळून खायचे कंद, तेही कच्चे, कारण हिवाळा सरत आला आणि लेकरानं यंदा अजून खाल्ले नाहीत. विमानात माणशी पंधरा किलो सामान. दोघांचे तीस. त्यातले अकरा किलो पराये. क्रूझवरच्या पार्टीसाठी बायकोनं घेतलेली चमचमती साडी आणि माझा कोट यांना गराडूंनी कोपऱ्यात ढकललं.

निघताना सासूबाईंनी लेकीची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी. बायकोनं ती भक्तिभावानं मोठ्या बॅगेत ठेवली. विमानतळावर आमच्या नावाचा पुकारा झाला. सुकं खोबरं तेलकट असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात चालत नाही, असं तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं. गराडूंबद्दल त्याची तक्रार नव्हती. सवाष्णीच्या ओटीतून खोबरं बाहेर काढणाऱ्या त्या माणसाकडे बायकोनं ज्या नजरेनं पाहिलं, ती पेट घेण्याच्या दृष्टीनं खोबऱ्यापेक्षा धोकादायक होती. "अपशकुन झाला," ती म्हणाली. "बोट चुकणार."

विमान दहा मिनिटं लवकर पोहोचलं.

हा अपमान फार सूक्ष्म असतो. दोन महिने माणूस संकटाची तयारी करतो आणि संकट फिरकतच नाही. धुकं नाही, घिरट्या नाहीत, पट्ट्यावर पहिली बॅग आमचीच. शुक्रवार दुपारचे बारा, बोटीला अजून त्रेपन्न तास. मग टॅक्सीनं डोंबिवली गाठायला सव्वादोन तास लागले, म्हणजे इंदूरहून मुंबईला यायला लागले त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आत्याचा उत्साह वेगळाच होता. तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. "जावईबापू, बोटीचं मला विचारा! आम्ही भाऊच्या धक्क्यावरून जायचो. जयगड, रत्नागिरी, मालवण... मधल्या बंदरांना धक्काच नसायचा, बोट लांब उभी राहायची आणि पडावातनं माणसं न्यायचे. पोरं वरून पिशव्यांसारखी झेलायची." मग तिनं मुद्द्याला हात घातला. "चार तास आधी जायचं. का? डेकवर सतरंजी टाकायला जागा मिळाली पाहिजे. आमचे अण्णा पहाटेच सतरंजी घेऊन धक्क्यावर."

"आत्या, आमची खोली बुक आहे."

"असू दे. सतरंजी न्या."

तिच्या मुलानं तिसरीच भर घातली. रविवार. मध्य रेल्वे. दुपारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल खोळंबणार. डोंबिवलीकर 'मेगाब्लॉक' हा शब्द अशा सुरात उच्चारतो, जसा कोकणातला माणूस 'वादळ' म्हणतो. ब्लॉक लागायच्या आत सीएसएमटी गाठली पाहिजे. टॅक्सी? रविवारी मॅरेथॉन असू शकते, मोर्चा असू शकतो, मंत्री असू शकतो. सगळ्या शक्यता जमेस धरून आम्ही सकाळी सहा पन्नासची लोकल पकडली. आठला सीएसएमटी. सव्वाआठला बॅलार्ड पिअरच्या गेटसमोर. दोन मोठ्या बॅगा, एक किटली, चार पुडे शेव आणि हो, सतरंजी.

गेटवरच्या सुरक्षारक्षकानं आमची तिकिटं पाहिली, घड्याळ पाहिलं, आम्हाला पाहिलं.

"काका, तुम्ही गेल्या फेरीचे की पुढच्या?"

बोट नुकतीच परत आली होती. आधीचे प्रवासी उतरत होते, डोळे तांबारलेले, चालण्यात अजून थोडी लाट. ते बाहेर पडत होते आणि आम्ही आत जायला उभे होतो. आमच्या खोलीत त्या क्षणी दुसरंच कुणीतरी दात घासत असणार. रक्षकाला दया आली. त्यानं आतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या.

बसल्या बसल्या बायको शेजारच्या गल्लीतून पोहे घेऊन आली. मुंबईचे पोहे, वर खोबरं-कोथिंबीर, शेवेचा पत्ता नाही. तिनं एक पुडा फोडला. रक्षकालाही दिली. तो साताऱ्याकडचा. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं दुसऱ्यांदा हात पुढे केला.

नऊनंतर एकेक जण जमायला लागले आणि मला एक नियम कळला. जो जितक्या लांबून येतो, तो तितका लवकर येतो. सगळ्यात आधी आम्ही. मग नागपूरचं एक कुटुंब, सेवाग्राम एक्स्प्रेसनं आलेलं, तेही दोन दिवस आधी, दादरच्या मामाकडे उतरलेलं. मग राजकोटचे आठ जण, थेपल्यांसह. पुणेकर साडेबाराला आले आणि वेळेचं महत्त्व या विषयावर रक्षकाशी बोलले. मुंबईकर तीन पंचवीसला धावत आले, केस ओले, हातात कॉफी. सगळे आत गेले. कुणाचीही बोट चुकली नाही.

आमचीच तेवढी थोडी चुकली म्हणायची. तपासणीत शेव अडली, बाहेरचं खाणं आत चालत नाही. किटलीही अडली, आगीची भीती. किटलीची पावती मिळाली. शेवेची पावती नसते, म्हणून उरलेले तीन पुडे बायकोनं रक्षकाच्या हवाली केले. सतरंजीबद्दल मात्र कुठल्याच नियमात काही लिहिलेलं नव्हतं. ती आत गेली.

बोटीवर पहिलं काम म्हणजे संकटाची कवायत. भोंगा वाजला की कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ एक मोठी क्रूझ खडकावर आदळली तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. तेव्हापासून ती बोट सुटायच्या आतच उरकतात. मुंबईकर त्यातही उशिरा आले. आम्ही दोघं ठरलेल्या जागी दहा मिनिटं आधी उभे होतो. तिथे खुर्च्या नव्हत्या. बायकोनं सतरंजी अंथरली.

त्या दोन रात्रींबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. समुद्र होता, पुष्कळ होता. खाणं चोवीस तास होतं. पोह्यांवर शेव नव्हती. पार्टीत बायकोच्या साडीला गराडूंच्या मातीचा किंचित वास येत होता, तो फक्त मला कळला.

मंगळवारी सकाळी साडेसातला आम्ही पावती दाखवून किटली घेतली आणि गेटबाहेर आलो. तोच रक्षक.

"झाली का सफर, काका? आता घरी?"

"हो. विमान आहे."

"कितीचं?"

परतीचं तिकीट काढताना मला बोटीवर भरवसा नव्हता. भरती-ओहोटी असते, कस्टम असतं, काहीही असू शकतं. म्हणून मी सावधगिरीनं काढलं होतं. "रात्री साडेनऊचं."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही. एक शब्द न बोलता तो आत गेला आणि त्याच दोन खुर्च्या घेऊन आला. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. आत्या होती. भरली वांगी केली होती, आणि मेगाब्लॉक आज नव्हता.