खुलासा: मायामीनंतर एफबीआयला लगेच ग्लॉक मिळाले नाही

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीत एफबीआयच्या (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) सर्व एजंटांकडे फक्त रिव्हॉल्व्हर होती, म्हणून त्यांना लगेच .४० चे (म्हणजे ०.४० इंच व्यासाच्या गोळीचे) ग्लॉक पिस्तूल दिले, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. काहींकडे स्मिथ अँड वेसनची ९ मिमी पिस्तुले होती. त्यांपैकी जेरी डव्ह आणि बेन ग्रोगन तिथेच मारले गेले. त्यांच्याबद्दल तरी नीट लिहायला हवे. डव्ह यांची गोळी लुटारू मायकेल प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. खरा वाद ती ९ मिमीची गोळी पुरेशी खोल गेली नाही, याचा होता. म्हणून १९९० मध्ये स्मिथ अँड वेसनचे १० मिमीचे १०७६ मॉडेलचे पिस्तूल आले. .४० चे ग्लॉक थेट १९९७ मध्ये. पुढे गोळ्या सुधारल्या आणि एफबीआय पुन्हा ९ मिमीकडेच वळली.