ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स घरी खोलायचा नाद करू नका म्हणे

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरायला लागतो, आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी तो यंदा दोनदा टाकला. थोडक्यात असं की ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स सील असतो, त्याचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही, बदललं तर बॉक्स बसतो, आत हजारभर पार्ट असतात, लाखाची टूल्स आणि कंपनीचा कॉम्प्युटर असल्याशिवाय तो कुणाला खोलता येत नाही, घरी खोलला तर धूळ आत जाते आणि परत कधी नीट चालत नाही, आणि पुराचं पाणी आत गेलं तर सरळ भंगारात घाला. खाली हात जोडलेले आणि पुढे पाठवा.

काका, मी खोललाय. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पहिल्यांदाच, आणि गाडी चालतीय. मी काय मेकॅनिक नाही, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, म्हणजे मायक्रोमीटर आणि डायल गेज हातात धरता येतं एवढंच भांडवल. गाडीचं नाव सांगत नाही, नाहीतर सगळे त्याच्यावरच भांडत बसतील. जुनी पेट्रोल गाडी, 4 स्पीड, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनाची ताकद तेलातनं बॉक्सला देणारा गोल डबा असतो ती).

आधी एक गोष्ट, मेसेज लिहिणाऱ्यानं चार वेगळ्या मशिनी एकाच पोत्यात भरल्यात. 2014 ला सेलेरिओबरोबर आपल्याकडं जी स्वस्तातली ऑटोमॅटिक आली ती एएमटी, त्यात आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो. सीव्हीटीत पट्टा आणि दोन पुल्या, डीसीटीत दोन क्लच. आणि चौथी आमची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. सीव्हीटी आणि डीसीटीला मी स्वतः हात लावणार नाही, घरी खोलू नका एवढं तिथं बरोबर आहे असं समजा. पुढचं सगळं चौथ्या प्रकाराबद्दल.

तेल आयुष्यभर चालतं हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाच्या आयुष्यभर? सील म्हणजे काय तर बऱ्याच नव्या बॉक्सला डिपस्टिक नसते, लेव्हल बघायला खाली प्लग असतो आणि तेल ठराविक गरम असताना तिथनं बघायची. एवढाच अर्थ. आत एटीएफ, म्हणजे हेच बॉक्सचं तेल, तापतं, त्याचा कस जातो, क्लच प्लेटांची झीज त्यातच फिरत राहते. लालभडक तेल काळं पडून जळकट वास यायला लागला तर ते तुम्हाला काहीतरी सांगतंय. तेल बदलल्यावर बॉक्स बसला अशी उदाहरणं लोक देतात ती खोटी नाहीत, पण माणूस तेल बदलायला जातो कधी, तर बॉक्स स्लिप व्हायला लागल्यावर, म्हणजे इंजिन फिरतं पण गाडी ओढत नाही तेव्हा. प्लेटा आधीच संपलेल्या असतात आणि आळ येतो तेलावर. आणि एकदा ड्रेन करून सगळं तेल निघत नाही हे पण लक्षात ठेवा, निम्म्याच्या आसपास कन्व्हर्टरमध्ये आणि पायपातच राहतं, म्हणून मी थोडं चालवून परत असं तीनदा बदललं.

आता हजार पार्ट. बेअरिंगमधली एकेक गोळी धरली तर होतील बाबा. पण समजून घ्यायचं किती आहे? दोन प्लॅनेटरी सेट (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) आणि पाच क्लच-ब्रेक, पायाखालचे नव्हे, बॉक्सच्या आतले. अंडरड्राइव्ह, ओव्हरड्राइव्ह, रिव्हर्स हे तीन क्लच, लो-रिव्हर्स आणि सेकंड हे दोन ब्रेक. प्रत्येक गिअरला यातले दोन धरले जातात, संपला विषय. माझ्या बॉक्सला पहिल्यात अंडरड्राइव्ह आणि लो-रिव्हर्स, दुसऱ्यात अंडरड्राइव्ह आणि सेकंड, तिसऱ्यात अंडरड्राइव्ह आणि ओव्हरड्राइव्ह, चौथ्यात ओव्हरड्राइव्ह आणि सेकंड, मागं जाताना रिव्हर्स आणि लो-रिव्हर्स. माझी गाडी पहिल्या-दुसऱ्यात आणि रिव्हर्सला ठीक होती, तिसरा पडला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी तिथंच, चौथ्यात पण तेच. तिसऱ्या-चौथ्यात दोन्हीकडं असणारा कोण? ओव्हरड्राइव्ह. एक पाना हातात न घेता कागदावर दुखणं सापडलं. आणि हे काय काल निघालेलं तंत्र नाही, जनरल मोटर्सनं 1939 साली हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक बॉक्स काढला तो प्लॅनेटरी गिअरवरच चालायचा, पुढं महायुद्धात रणगाड्यात पण बसवला.

पुराचा मुद्दा माझा स्वतःचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला 55 फुटांच्या वर गेलं (धोका पातळी 43), तेव्हा मी गाडी वेळेत पाहुण्यांकडं वर नेऊन लावली होती. 2021 च्या जुलैला आळस केला. शाहूपुरीतल्या आमच्या बोळात गाडी अडीच दिवस अर्ध्या दारापर्यंत पाण्यात. बॉक्सला वर एक बारीक हवेची नळी असते, ब्रीदर, पाणी तिथनं आत जातं. एका गॅरेजवाल्यानं इंजिन ऑइल बदलून, सीटा वाळवून गाडी दिली, बॉक्सचं तेल बघितलंच नाही, आणि मी पण बघितलं नाही, चूक दोघांची. काही महिन्यांनी स्लिप व्हायला लागल्यावर डिपस्टिक काढली तर तेल सोलकढीसारखं. क्लच प्लेटेवरचं अस्तर कागदासारखं असतं आणि ते स्टीलला डिंकानं चिकटवलेलं असतं, पाणी लागलं की अस्तर फुगतं आणि सुटतं. पण म्हणून बॉक्स भंगारात? गिअर, ड्रम, शाफ्ट, हौसिंग यांना वरवरचा गंज होता, तो निघाला. अस्तराच्या प्लेटा, गंजलेल्या स्टील प्लेटा, एक सोडून सगळे सील, फिल्टर, चार बेअरिंग आणि दोन सोलेनॉइड (विजेवर तेलाची वाट उघडणारे-बंद करणारे व्हॉल्व्ह) बदलले. कन्व्हर्टर मात्र वेल्ड केलेला बंद डबा, तो कापून आतनं साफ करून परत वेल्ड करून बॅलन्स करायचं काम घरी होत नाही, तो मी बाहेरून तयार मागवला आणि सगळ्यात जास्त पैसे तिथंच गेले.

लाखाची टूल्स म्हणाल तर क्लचच्या ड्रममधली स्प्रिंग दाबून सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) काढायला एक स्प्रिंग कंप्रेसर लागतो. उद्यमनगरात एका टर्नरला स्केच दिलं, त्यानं चहा संपायच्या आत थ्रेडेड रॉड, दोन प्लेटा आणि नट असा जुगाड करून दिला. सर्क्लिप पक्कड, फिलर गेज, डायल गेज, लहान मापाचा टॉर्क पाना (व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग, तिचे बोल्ट मोठ्या पान्यानं आवळले की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा), चेन पुली भाड्यानं. कंपनीचा कॉम्प्युटर लागला नाही, गाडीतल्या कॉम्प्युटरनं जुन्या प्लेटांवर शिकलेलं चौकातल्या मेकॅनिककडच्या स्कॅनरनं पुसून दिलं, मग गाडी आठवडाभरात नवीन प्लेटांना सरावली.

घरी धूळ जाते, हे मेसेजमधलं एकच वाक्य मला पटतं, आणि गंमत म्हणजे त्यांनी ते ओझरतं लिहिलंय. व्हॉल्व्ह बॉडीतले व्हॉल्व्ह इतके नेमके बसतात की फडक्याचा एक धागा पुरे अडकायला. त्यात आमच्याकडं ऊस तोडणीचे दिवस, पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, शेडमध्ये काय होत असेल बघा. मग व्हॉल्व्ह बॉडी घरात आणली, खिडक्या बंद, फॅन बंद, जेवणाच्या टेबलावर, आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. गॅरेजातलं सुताचं वेस्ट पुसायला वापरायचं नाही, धागा न सुटणारं कापड घ्यायचं. व्हॉल्व्ह बॉडीतल्या लहान गोळ्या कुठल्या भोकात होत्या त्याचे फोटो काढायचे आणि परत बसवताना त्या व्हॅसलिननं चिकटवायच्या, ते तेलात विरघळतं, ग्रीस विरघळत नाही आणि भोकं चोंदतात.

खोलला की परत नीट चालत नाही म्हणता ना, तर ऐका, माझा पण पहिल्यांदा चालला नाही. नवीन प्लेटा रात्रभर तेलात भिजवल्या, क्लचमधला गॅप फिलर गेजनं मोजून वेगळ्या जाडीच्या सर्क्लिपनं जुळवला, सगळं मापात. कन्व्हर्टर बसवताना हौसिंग आणि इंजिनमध्ये दोन सूत फट राहिली होती, मी ती बोल्टनं ओढणार तेवढ्यात शेजारचे रिटायर मिस्त्री आले आणि ओरडले, "आरं बोल्टनं वडायचं न्हाई, हातानं बसला पायजे त्यो!" कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत टप्प्याटप्प्यानं बसतो, तो पूर्ण बसला नसताना आवळलं असतं तर पंप फुटला असता. एवढं वाचलं आणि तरी रस्त्यावर तिसरा परत स्लिप. परत उतरवला, ओव्हरड्राइव्हच्या पिस्टनच्या सीलची कड आत दुमडलेली. बंद करायच्या आधी प्रत्येक क्लचच्या भोकात हवा मारायची, पिस्टन थप्प करून बसल्याचा आवाज आला पाहिजे, पाच मिनिटाचं काम. मी उत्साहाच्या भरात ते सोडलं आणि दोन रविवार घातले. चूक बॉक्सची नव्हती.

पैशाचं काका तुम्ही विचारणारच. नवीन बॉक्सचं कोटेशन गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होतं, मला त्याच्या चौथ्या हिश्शात पडलं, कन्व्हर्टर धरून. पण माझे नऊ रविवार त्यात धरलेले नाहीत, आणि ज्याला रोज गाडी लागते त्यानं हे करू नये, माझी बायको त्या काळात स्कूटीवर ऑफिसला जात होती आणि ते ती अजून ऐकवते.

परवा पन्हाळ्याला चौघं बसून गेलो, घाटात तिसरा-दुसरा सगळं लोण्यासारखं. एकच आहे, थंडीत सकाळी रिव्हर्स टाकला की सेकंदभर विचार करते. रिव्हर्स क्लचचा एक सील त्या वेळी मिळाला नाही म्हणून जुनाच बसवलाय, आता मिळालाय, कपाटात ठेवलाय, पण आईला अजून सांगितलेलं नाही.