होडी आमची पिंपात
२०२४च्या ऑगस्टमध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी आमच्या सोसायटीत येऊन राहून गेली. पाहुणी परतल्यावर जिन्याखाली चिखल उरला आणि मनात मगरीची भीती. मग वर्गणी काढून सोसायटीने होडी घेतली, मागे लावायची टू-स्ट्रोक मोटरसुद्धा. दांडियाबाजारात माझ्या आजोबांचं सायकलचं दुकान होतं, एवढ्या पुण्याईवर तिची देखभाल माझ्या गळ्यात पडली.

पुढच्या जूनमध्ये तालीम ठरली. पार्किंगमध्ये निळं पिंप भरलं, मोटर त्यात बुडवली, नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला आणि दोरी ओढली. दहादा, वीसदा, चाळीसदा. मोटर गप्प, माझा खांदा मात्र बोलायला लागला. शहाभाई खुर्ची आणून बसले. "वांधो नहीं भाऊ, पूर येईपर्यंत होईल चालू!"

शेवटी स्कूटरवाला मिस्त्री आला. त्याने कार्बोरेटरची वाटी काढून माझ्या नाकासमोर धरली. शिळ्या पेट्रोलचा डिंक झालेला, पेट्रोल आत सोडणाऱ्या जेटचं सुईच्या टोकाएवढं भोक पार बुजलेलं. मग त्याने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. (लोणच्याच्या. घरी अजून कळलेलं नाही.) थोड्या वेळाने वर पेट्रोल, तळाला वेगळाच थर.

"पाणी आहे साहेब."

जिने पाण्याचं तोंडही पाहिलं नाही, त्या होडीच्या टाकीत पाणी! हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल पितं, आणि फार झाली की तिला घेऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी नेमकी तळाचंच ओढते. मी तर टाकी अर्धी भरून, झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल ठेवून, नऊ महिने गळक्या ताडपत्रीखाली ठेवलेली. जरा हवा लागावी म्हणून!

आता महिन्याचा पहिला रविवार मोटरीचा. एक लिटर ताजं पेट्रोल, त्यात वीस मिली ऑइल. हवेचा स्क्रू उघडायचा, पिंपात पाच मिनिटं फटफट करायचं, मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाजूने पडतेय ना बघायचं. मग नळी काढून, कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब संपून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत शेजारी उभं राहायचं. स्क्रू आवळायचा, उरलेलं पेट्रोल काढून टाकी कोरडी करायची. सोसायटीची पोरं टाळ्या वाजवतात, वरच्या मजल्यावरच्या काकू धुराच्या नावाने खिडकी आपटतात.

पूर काही अजून आलेला नाही. खजिनदारांनी पेट्रोलच्या पावत्या 'प्रवासखर्च' या सदरात घातल्यात, आणि ऑडिटरने शेजारी पेन्सिलीने लिहिलंय : कुठून कुठे?