"पैसे घेतले आणि हात वर केले" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, तुमचा 1 स्टारचा रिव्ह्यू काल रात्री ज्युनियरने दाखवला. रागात काही लिहायचं नाही असं ठरवून झोपले आणि आता सकाळी ठाणे-वाशी ट्रेनमध्ये बसून टाइप करतेय, कुठे काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लिलावाच्या 9 दिवस आधी तुम्ही मिसेसना घेऊन कोर्टनाक्याच्या ऑफिसला आलात, मी कागद चाळले आणि त्यांच्यासमोरच "घर वाचेल असं धरून चालू नका" म्हणाले, 25 हजार घेतले, पुढे फोन उचलले नाहीत, घर गेलं. आणि आता कोणीतरी सांगितलंय की थकलेल्या कर्जापोटी बँकेला घर ताब्यात घेऊन विकू देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकेला लागूच होत नाही, म्हणजे मॅडम बँकेला मिळालेल्या आहेत.

तुम्ही स्वतः जे इथे लिहिलंय तेवढ्यावरच मी बोलणार. बँक कुठली, थकबाकी किती, का थकलं, हे माझ्याकडून बाहेर जाणार नाही, अशील नाराज होऊन गेला म्हणून वकिलाचं तोंड मोकळं होत नाही. त्यामुळे उत्तर मध्येमध्ये अर्धवट वाटेल, वाटू दे.

फोनचं तुमचं बरोबर आहे. लॉग बघितला, 11 मिस्ड कॉल आहेत आणि माझ्याकडून परत गेलाय फक्त एक. डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या ट्रिब्युनलमध्ये, सुनावण्या चालू असताना फोन बंद असतो हे खरं, पण संध्याकाळी 7 नंतर तो चालूच होता की. ज्याचं घर लिलावाला लागलंय त्याला 11 वेळा रिंग ऐकायला लावणं वाईटच, माफ करा. मिसेससमोर बोलले त्याचीही माफी. घरात कोणाला किती माहितीये हे आधी बाजूला घेऊन विचारायचं असतं, मला हे माहीत असून मी घाईत विसरले, आणि ही चूक माझ्याकडून पहिल्यांदा झालेली नाही म्हणून जास्त लागलं.

पण हात वर केले हे मला मान्य नाही.

सरफेसी कायदा 2002 चा, माझी सनद 2003 ची, म्हणजे जवळपास बरोबरच कामाला लागलो आम्ही. पहिली 6 वर्षं मी बँकांच्या पॅनेलवर होते, म्हणजे बँकांचीच वकील, हे मी कोणापासून लपवत नाही, ऑफिसात विचारलं की सांगते. ताबा घ्यायला जायचे मी, कलेक्टरची ऑर्डर, मंडळ अधिकारी, दोन पोलीस, बँकेचा माणूस आणि कुलूपवाला. कळव्याला एकदा घरातल्या सामानाची यादी चालू होती, बँकेचा पोरगा मोठ्याने लिहित होता, गॅस शेगडी 1, मिक्सर 1, स्टीलचे डबे 14, आणि कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "15 लिही बाळा, एक शेजारी गेलाय पीठ घेऊन." त्याने लिहिले 15. मग शेजारणीकडून डबा आणवला, पिठासकट. त्या दिवशी मी बाजू बदलली वगैरे काही नाही हं, पुढे दोन वर्षं पॅनेलवरच होते, बिलं वेळेवर निघायची. पण बँकेची फाइल कुठे कच्ची असते ते मी तिथेच शिकले आणि आज कर्जदाराच्या बाजूने उभी राहते तेव्हा तेच कामाला येतं.

आता तुमचे 9 दिवस. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत धरलं जातं, मग याच कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस येते, 60 दिवसांची. हे 60 दिवस सोन्यासारखे असतात आणि बहुतेक लोक ते घाबरून घालवतात. या काळात लेखी हरकत घेतली की बँकेला 15 दिवसांत कारणं देऊन उत्तर द्यावंच लागतं, न दिलं किंवा थातुरमातुर दिलं की पुढे ट्रिब्युनलमध्ये बोलायला जागा मिळते. त्यानंतर दारावर ताब्याची नोटीस चिकटते, पेपरात छापून येते, तिथून डीआरटीत जायला 45 दिवस. माझ्याकडे माणसं येतात ती डीमार्टची पिशवी घेऊन, आत रजिस्टर पोस्टाची पाकिटं, न फोडलेली! मी ती टेबलावर तारखेने लावते आणि एकेक फोडते, तेव्हा समोरच्याला पहिल्यांदा कळतं की आपली कुठली मुदत कधी गेली. ही तुमचीच गोष्ट आहे असं म्हणत नाहीये, दर आठवड्याला एक तरी असं येतं.

आणि लिलावाची जाहिरात आली की खेळच बदलतो. पूर्वी विक्री होऊन जाईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता यायचं. 2016 च्या दुरुस्तीने ते जाहिरात निघेपर्यंतच ठेवलं आणि 2023 ला सुप्रीम कोर्टाने बाफना मोटर्सच्या केसमध्ये त्यावर शिक्का मारला. म्हणजे 9 दिवस उरले असताना तुम्ही सगळी रक्कम रोख घेऊन आला असतात तरी ती घ्यायची की नाही हे बँकेच्या मर्जीवर होतं. सेटलमेंटही, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवणं, हक्काने मागता येत नाही, तेही 2021 ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय. मग राहतं काय, तर प्रोसिजरमधली चूक शोधायची, नोटीस नीट बजावली का, विक्रीची 30 दिवसांची नोटीस पूर्ण दिली का, व्हॅल्युएशन कसं केलं. आणि चूक सापडून स्टे मिळाला तरी ट्रिब्युनल सहसा आधी काही रक्कम भरा म्हणतं. अशा चुकीमुळे ताबा थांबतो हो, कर्ज नाही थांबत, बँक नवी नोटीस काढते. हे सगळं मी तुम्हाला त्या दिवशी पाऊण तास सांगितलं, पण खरं सांगू, पहिलं वाक्य ऐकल्यावर पुढचं कोणाच्या कानात शिरत नाही, मला तरी शिरलं असतं का.

25 हजारांचं. त्यात सरकारी कोर्ट फी आहे आणि ती थकबाकीवर ठरते, 10 लाखांपर्यंत दर लाखाला 500, त्याच्या वर 5,000 अधिक पुढच्या दर लाखाला 250. समजा कोणाची थकबाकी 40 लाख आहे, तर 12,500 तिथेच गेले. पावती तुमच्याकडे आहे, वेगवेगळं लिहिलेलं आहे. "केस जिंकलो तर इतके टक्के" असं मी घेत नाही, वकिलाला तशी फी घ्यायला बंदी आहे, कोणी तसं बोललं तर सावध व्हा.

सहकारी बँकेला कायदा लागत नाही हा वाद खराच होता, सांगणाऱ्याने हवेतून काढलेलं नाही. पण 5 मे 2020 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी लागतो म्हणून निकाल दिला, आणि ती केस आपल्याच कोल्हापूरकडच्या सहकारी बँकेची होती. त्याच मुद्द्यावर आता कोणी स्टेची गॅरंटी देत असेल तर त्याला एवढंच विचारा की 2020 चा निकाल वाचला का.

मी "वाचेल" म्हणाले असते तर तुम्ही 5 स्टार दिले असते, निदान 9 दिवस तरी. मला जमत नाही ते. उलटंही होतं म्हणा, गेल्या पावसाळ्यात एकजण घर गेलंच समजून आले, हिशोब मांडला तर मुद्दल-व्याजातलं 20 टक्क्यांपेक्षा कमी राहिलेलं, तिथे हा कायदा वापरताच येत नाही, त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

आता कामाचं. लिलावात थकबाकी आणि खर्चापेक्षा जास्त पैसे आले असतील तर वरची रक्कम तुमची असते, बँक आपणहून फोन करून सांगेलच असं नाही, लेखी हिशोब मागावा लागतो. आणि विक्रीलाच आव्हान द्यायचं तरी 45 दिवस मोजले जातात, ते आत्ता चालू असतील. हे काम माझ्याकडूनच करा असं नाही, दुसऱ्या वकिलाकडे जायचं तर एनओसी लगेच देते. फाइल कपाटात बांधून ठेवलीये, शनिवारी 11 नंतर कधीही या, मी नसले तरी ज्युनियर देईल. हिशोब मागायच्या पत्राचा ड्राफ्ट वरच लावलाय, त्याचे पैसे नाहीत, फक्त लिलावाची तारीख आणि सही तुम्हाला टाकायचीये. वाशी आलं, उतरते.